खेळ संपल्यानंतरचा विरह

संहिता संपली तरी पात्रे वाचकाच्या मनात रेंगाळतात, हा अनुभव कादंबरीइतकाच जुना आहे. सॅम्युएल रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ (१७४७-४८) खंडशः प्रसिद्ध होत असताना लेडी ब्रॅडशॉ यांनी टोपणनावाने पत्रे लिहून नायिकेला जगू द्यावे, अशी लेखकाची विनवणी केली. डिसेंबर १८९३ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आर्थर कॉनन डॉइलने शेरलॉक होम्सचा शेवट घडवला, तेव्हा वाचक संतापले. १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला. दोन्ही प्रसंगी गाऱ्हाणे लेखकाकडे आहे. पात्राच्या भवितव्यावर वाचकाची सत्ता चालत नाही, हे त्यात गृहीत आहे. व्हिडिओ गेमच्या इतिहासात नेमके हेच गृहीतक डळमळीत झाले.

या अनुभवाचे स्वरूप ठरवताना भरताने केलेला एक भेद उपयोगी पडतो. करुण हा निरपेक्षभाव असतो, विप्रलंभ सापेक्षभाव; करुणात पुनर्भेटीची आशा मावळलेली असते, विप्रलंभात ती टिकून असते. खेळ पूर्ण झाल्यानंतरची हुरहूर वरवर पाहता विप्रलंभाची आहे. पात्रे कोठे गेलेली नाहीत, यंत्र सुरू केले की ती पुन्हा भेटतील. परंतु ही भेट कशी होते, याकडे लक्ष दिले की प्रश्न बिकट होतो.

१९९४ साली जपानमध्ये आलेल्या ‘मदर २’ या खेळाचे लेखन शिगेसातो इतोई यांचे आहे. त्यात अंतिम शत्रूच्या पराभवानंतर श्रेयनामावली लगेच सुरू होत नाही. नेस हा मुलगा आपल्या मैत्रिणीला, पॉलाला, तिच्या घरी पोचवतो. खेळाडूला वाटल्यास सारे जग पुन्हा पालथे घालता येते, आणि गावोगावची माणसे त्याच्याशी नव्याने बोलतात. नेस आईकडे परतल्यावरच खेळ संपतो आणि प्रवासात काढलेली छायाचित्रे पडद्यावर येऊ लागतात. निरोप किती लांबवायचा, हे येथे खेळाडूच्या हाती दिलेले आहे.

१९९७ च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये अशी सवलत नाही. तीन तबकड्यांच्या या खेळात पहिली तबकडी संपता संपता एरिथ मारली जाते. तिला युद्धात तयार करण्यासाठी खेळाडूने वेचलेले तास तिच्याबरोबर जातात. तिला परत आणण्याची एखादी गुप्त वाट असेल, अशा वदंता खेळाडूंमध्ये दीर्घकाळ पसरत राहिल्या. रिचर्डसनच्या वाचकांनी लेखकाला साकडे घातले. या खेळाडूंनी संहितेतच वाट शोधली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात एस्पेन आर्सेथ यांनी ज्या संहितांमधून वाट काढण्यासाठी वाचकाला खरोखरीचे श्रम करावे लागतात, त्यांचा स्वतंत्र विचार केला. एरिथविषयीचा शोक अशा श्रमांतून घडलेला आहे. पुढे २०२० पासून ही कथा नव्या खेळांत पुन्हा सांगितली जाऊ लागली, तेव्हा ठरलेले विधिलिखित बदलता येते काय, हाच प्रश्न कथानकाच्या केंद्रस्थानी आला.

मूळ खेळ पूर्ण करणाऱ्यालाही आणखी एका विचित्र स्थितीला सामोरे जावे लागते. समाप्तीनंतरचा काळ त्यात जतन होत नाही. जुनी नोंद उघडली तर उरलेले सोबती अखेरच्या लढाईच्या अलीकडे उभे असतात; आपण जिंकलो आहोत, हे त्यांना ठाऊक नसते. भेट होते, पण ती भूतकाळातील व्यक्तींशी.

पुनर्वाचनातही असेच घडते, असा आक्षेप संभवतो. तथापि कादंबरी पुन्हा वाचल्याने तिच्यातील पात्रांना मिळालेला शेवट पुसला जात नाही. टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ने (२०१५) हा भेद उघड केला. ‘मदर २’चा प्रभाव असलेल्या या खेळात कोणालाही न मारता सर्वांना सुखरूप शेवटापर्यंत नेता येते. त्यानंतर खेळ पुन्हा उघडला की फ्लॉवी हे पात्र खेळाडूला विनवते: आता सारे सुखात आहेत, त्यांच्या सुखाला धोका उरला आहे तो केवळ तुझा, सारे पुसून नव्याने आरंभ करू नकोस.

येथे इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण होते. १७४८ मध्ये वाचक लेखकाकडे पात्राच्या जिवाची भीक मागत होता. २०१५ मध्ये पात्रच आस्वादकाकडे अभय मागते. पुनर्भेट शक्य आहे, पण तिची किंमत प्रिय पात्रांनी मोजायची आहे. आशा जिवंत असूनही ती सोडून देणे हे प्रेमाचे कर्तव्य ठरते, आणि असा विरह करुणातही बसत नाही व विप्रलंभातही पुरता मावत नाही.

खेळ संपल्यावर पात्रांसाठी व्याकुळ होणे हा भाबडेपणा मानला, तर समीक्षेच्या नजरेतून हे स्थित्यंतर निसटते. तादात्म्य आणि ताटस्थ्य या जोडीने आस्वादाचा विचार करताना आस्वादकाच्या हातून पात्राचे काही बरेवाईट होऊ शकते, ही शक्यता विचारात घेण्याचे कारण नव्हते. आता ते निर्माण झाले आहे. खेळ पुन्हा सुरू न करणे हीदेखील आस्वादाची एक कृती असू शकते, आणि त्या संयमात खेळाडूचा विरह सर्वाधिक खरा असतो.