राक्षसीची भूल आणि मातीचा पुतळा

फर्दापूरला मुक्काम करून अजिंठा बघणार असाल, तर १७ नंबरच्या लेण्यात जरा जास्त वेळ काढा. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकात, तिथल्या भिंतीवर सिंहल अवदानाची गोष्ट रंगवली गेली. जहाज फुटून व्यापारी एका बेटाला लागतात. तिथल्या राक्षसी सुंदर बायकांचं रूप घेऊन त्यांना भुलवतात, आणि मग खातात. भुलवणं हेच त्यांचं मोठं हत्यार!

आपला हा राक्षस 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळाच्या १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्येही सापडतो. तिथेही तो खोटं रूप घेतो, वर समोरच्याच्या मनातलं वाचतो.

आता ही भूल माणसाने बनवलेल्या पुतळ्यावर चालेल का? २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीचं उत्तर सरळ आहे: नाही. ज्यू दंतकथांमधून आलेला गोलेम हुकूम पाळतो, पण त्याला मनच नाही. मग भुलणार काय?

२००४ मध्ये 'एबेरॉन'मधून वॉरफोर्ज्ड आले. लढाईसाठी बनवलेले, लाकडा-धातूचे, पण स्वतः विचार करणारे. त्यांना विष बाधत नाही, झोप लागत नाही. मनावरची जादू मात्र चालते.

मला हा नियम जाम पटतो. मन दिलं की फसण्याची सोय आपोआप होते. यंत्राला मन आहे का, हे ठरवताना आपण त्याची हुशारीच मोजत बसतो!

अवदानातला राजाही, सिंहलाने बजावूनसुद्धा, राक्षसीला भुलला आणि जिवाला मुकला. त्याच्या जागी गोलेम असता तर नक्की वाचला असता. पण मग तो राजा कसला, पुतळाच की!