लॅमिंग्टन रोडवरच्या दोन स्त्रिया

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरले की इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांनी गजबजलेला जो रस्ता लागतो, त्याचे अधिकृत नाव आज डॉ. भडकमकर मार्ग असले तरी लोकांच्या तोंडी तो अजून लॅमिंग्टन रोडच आहे. ऑक्टोबर 1930 मध्ये, लाहोर कटाच्या खटल्यात भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशीची शिक्षा जाहीर झाल्यानंतर लगेचच, इथल्या पोलीस ठाण्यासमोर मोटारीतून गोळीबार झाला. सार्जंट टेलर आणि त्याची पत्नी जखमी झाली. मोटारीत दुर्गादेवी व्होरा होत्या.

आपण त्यांना ओळखतो ते 'दुर्गाभाभी' म्हणून. डिसेंबर 1928 मध्ये साँडर्सच्या हत्येनंतर भगतसिंगांची पत्नी असल्याचा बहाणा करून, मुलाला कडेवर घेऊन त्यांनी लाहोरहून केलेला रेल्वेप्रवास सगळ्यांना पाठ असतो. मुंबईतली घटना मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. ठाऊक असलीच, तर 'पतीच्या मृत्यूचा सूड' एवढ्यावर तिची बोळवण होते. भगवतीचरण व्होरा मे 1930 मध्ये रावीकाठी बॉम्बची चाचणी घेताना गेले, हे खरे. पण मुंबईतली गोळी फाशीच्या निकालापाठोपाठ सुटली, ती राजकीय होती, हे सांगताना आपली जीभ का अडखळते? स्त्रीच्या हाती पिस्तूल आले की आपण आधी तिच्या कपाळाकडे पाहतो!

तुलनेसाठी आपल्याच वासुदेव बळवंत गोगट्यांकडे पाहावे. जुलै 1931 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या आणि ते 'हॉटसन गोगटे' झाले. पुरुषाला त्याच्या कृत्यावरून नाव मिळाले. दुर्गादेवींचे नाव नात्यावरून पडले, आणि तेही एका दिराच्या नात्यावरून. (त्याच वर्षी डिसेंबरात कोमिल्ल्याच्या मॅजिस्ट्रेटला गोळी घालणाऱ्या शांती घोष आणि सुनीती चौधरी शाळकरी होत्या, त्यांना 'मुली' म्हणून कोपऱ्यात बसवणे आणखी सोपे गेले.)

दुर्गादेवींनी पुढे लखनौला मुलांची शाळा काढली, आणि 1999 मध्ये गाझियाबादला त्यांचे निधन झाले. 'वीरांगना' म्हणून त्यांचा गौरव करणाऱ्या लेखांत एक गोष्ट ओझरतीच येते: त्या रात्री जखमी झालेली दुसरी व्यक्ती स्त्रीच होती, आणि ती पोलिसात नोकरीलाही नव्हती. तिच्याविषयी वाचायला मिळते ते एवढेच, की ती टेलरची बायको होती.