अपील कुणाचे? महाडच्या तळ्यापासून भिडेवाड्यापर्यंत

दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीनिमित्त आम्ही भुकूमहून वस्तीतल्या मुलींना घेऊन पुण्यात जातो. भुगाव, चांदणी चौक, कोथरूड करत बुधवार पेठेत पोहोचायचे, दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडेवाड्यापाशी उभे राहायचे आणि मुलींना सांगायचे की १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा इथेच सुरू केली. वाडा पाडल्यानंतरच्या पहिल्याच जयंतीला सहावीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, पण शाळा कुठंय?" समोर पत्रे होते. पत्र्यांमागे मोकळी जागा होती.

तिला आम्ही सांगितले की इथे स्मारक होणार आहे. उत्तर खरे होते, पण पुरे नव्हते. खटला आपल्या बाजूने लागला, तरी वाडा गेला. हे कसे झाले, याचा विचार आपल्या चळवळीत फारसा झालेला नाही. ऐतिहासिक वास्तूबद्दल नगरपालिका किंवा महानगरपालिका निर्णय घेते, तेव्हा त्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कुणाला असतो, हा आजचा आमचा प्रश्न आहे. हा प्रश्न आपल्याला नवा नाही. महाडला तो जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

महाड : नगरपालिकेचा ठराव आणि दहा वर्षांचा दावा

महाडचा सत्याग्रह म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. पण त्याच्या आधी आणि नंतर एका नगरपालिकेचे दोन ठराव आहेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असावीत. त्यानुसार ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. ठराव कागदावर राहिला. तो अमलात आणला बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबर ओंजळभर पाणी पिणाऱ्या हजारो माणसांनी. मग सवर्णांच्या दबावाखाली ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला.

पुढे जे झाले ते नीट लक्षात घ्या. सवर्ण पुढाऱ्यांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावर जाणे बाबासाहेबांनी थांबवले, कारण न्यायालयाचा हुकूम होता. लढाई त्यांनी न्यायालयात नेली. १९३१ साली खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. वादींनी अपील केले, ते १९३३ साली फेटाळले गेले. ते उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले.

अपील करणारे ते होते, जिंकलो आपण. का जिंकलो? तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे त्यांना सिद्ध करावे लागणार होते, आणि ते त्यांना करता आले नाही. म्हणजे तळ्याचा निकाल तळ्याच्या इतिहासावर लागला. जागा कुणाची, ती कुणाच्या ताब्यात होती, तिथे कोण कधीपासून येत होते, याचा पुरावा कुणाकडे आहे यावर लागला. इतिहास हा भाषणाचा विषय नसतो, तो दाव्यातला पुरावा असतो. महाडचा हा धडा आपण उत्सवात विसरलो.

दादर : ज्यांना कुणी विचारलेच नाही

आता २५ जून २०१६ ची पहाट आठवा. दादरचे आंबेडकर भवन आणि तिथली बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसची वास्तू अंधारात पाडली गेली. ज्या छापखान्याशी 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चा इतिहास जोडलेला आहे, तो छापखाना! मालमत्ता बाबासाहेबांनीच स्थापन केलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. इमारत धोकादायक असल्याचे कारण पुढे आले. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. आमच्यातले कित्येक जण त्या मोर्चात होते. पण मोर्चा निघाला तोवर वास्तू पडून तीन आठवडे उलटले होते.

ट्रस्टी चुकले की बरोबर होते, यावर आपण वर्षानुवर्षे भांडलो. आम्हाला त्याहून खोल दोष दिसतो. इमारत धोकादायक ठरली की कायद्याने नोटीस जाते ती मालकाला किंवा वहिवाटदाराला. महापालिका बोलते मालकाशी, मालक उत्तर देतो महापालिकेला. ज्या लाखो माणसांची स्मृती त्या भिंतींत आहे, ती माणसे या पत्रव्यवहारात कुठेच नसतात. त्यांच्या नावे नोटीस निघत नाही, म्हणून त्यांना अपीलही नाही. त्यांना बातमी कळते ती ढिगारा दिसल्यावर.

लंडन : अपील करून वाचवलेले घर

याच काळात सातासमुद्रापार एक वेगळी गोष्ट घडत होती. लंडनच्या कॅम्डेन भागात १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना राहिले होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि तिथे संग्रहालय केले. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या. राहत्या घराचा वापर बदलायला लागणारी परवानगी कॅम्डेनच्या नगर परिषदेने २०१८ साली नाकारली. राहण्याची जागा कमी होते, हे मुख्य कारण.

महाराष्ट्र शासनाने अपील केले. सप्टेंबर २०१९ मध्ये खुली चौकशी झाली. दोन्ही बाजूंचे म्हणणे सर्वांसमोर ऐकले गेले. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी अपील मान्य केले. राहती जागा कमी होते हे खरे असले, तरी या घराचे ऐतिहासिक महत्त्व त्याहून मोठे आहे, असा तो निर्णय होता. ते घर काही राजवाडा नव्हते. रांगेतल्या इतर घरांसारखेच घर, पण तिथे कोण राहिले याला वजन मिळाले.

आपण आनंद साजरा केला, बरोबरच केले. पण एक गोष्ट नजरेआड करू नका. महाराष्ट्र शासनाला अपील करता आले, कारण ते मालक होते, अर्जदार होते. तिथेही शेजारच्या माणसाला किंवा बाबासाहेबांच्या अनुयायाला स्वतःच्या नावाने असे अपील करता आले नसते. फरक एवढाच की त्यांना खुल्या चौकशीत उभे राहून बोलता आले. लंडनमध्ये जे शासन इतिहासाच्या नावाने अपील करते, ते आपल्याच राज्यात इतिहास सांगणाऱ्या माणसांना सुनावणी का देत नाही?

भिडेवाडा : खटला जिंकला, वाडा गेला

आता आपल्या पुण्याकडे या. २००६ साली पुणे महानगरपालिकेने भिडेवाड्यात राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरवले आणि भूसंपादनाचा मार्ग धरला. दुकानदार आणि भाडेकरू २०१० साली उच्च न्यायालयात गेले. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दाद दिली नाही आणि महिन्याभरात जागा सोडायला सांगितले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रात्रीच्या वेळी, महापालिकेने ताबा घेतला आणि वाडा पाडला. सप्टेंबर २०२४ मध्ये स्मारकाचे भूमिपूजन झाले.

त्या दुकानदारांना आपल्यातल्या काहींनी मनुवादी म्हणून शिव्या दिल्या. आम्हाला हे पटत नाही. पोटापाण्याची जागा जात असेल तर माणूस न्यायालयात जाणारच. तो हक्क त्यांनाही आहे. उद्या एखादी महापालिका आपल्या विहाराची जागा रस्त्यासाठी घेईल, तेव्हा आपणही त्याच दारात उभे राहणार आहोत. दाद मागणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचे, ही सवय शेवटी आपल्यावरच उलटते.

आमची तक्रार वेगळी आहे. २००६ ते २०२३ ही सतरा वर्षे सगळा वाद जागेवर चालला. वास्तूवर चाललाच नाही. जागा कुणाला, मोबदला किती, दुकाने कुठे हलवायची, एवढेच प्रश्न. दरम्यान वाडा कुजत होता, ढासळत होता. लाकूड, विटा, माती यांना तारीख पे तारीख समजत नाही. काही अंतरावर शनिवारवाडा आहे. तो १८२८ च्या आगीत जळाला, तरी त्याचा उरलेला दगड न् दगड पुरातत्त्व खात्याने जपला आहे. जळालेला पेशव्यांचा वाडा जपता येतो, तर मग मुलींची शाळा भरलेला वाडा का नाही? हे विचारणे म्हणजे शनिवारवाड्याचा द्वेष नव्हे. कुणाचा इतिहास वास्तूत जपायचा आणि कुणाचा नुसत्या फलकावर, हे ठरवण्यात जात आहे, असे आम्ही म्हणतो.

कायद्यातले दोन दरवाजे

काही बांधव म्हणतील, दगडविटांचे काय घेऊन बसलात, बाबासाहेबांनी विचार दिला आहे. मान्य. पण महाडचा दावा आठवा. पुरावा ज्याच्याकडे नाही तो हरतो. आज पाडलेली वास्तू म्हणजे उद्या हरवलेला पुरावा. मग 'इथे शाळा कधी नव्हतीच' म्हणणारेही निघतील.

म्हणून कायदा नीट वाचला पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये आपल्यासाठी दोन दरवाजे आहेत, एक बंद आणि एक उघडा. बंद दरवाजा म्हणजे कलम ४७. बांधकाम परवानगी नाकारली किंवा अटी घालून दिली, तर चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. पण कुणाला? फक्त अर्जदाराला. म्हणजे वारसा वास्तू आहे म्हणून बिल्डरला परवानगी नाकारली, तर बिल्डर अपील करील. परवानगी दिली आणि वास्तू जाणार असेल, तर तुम्हाआम्हाला हे अपील नाही. आपल्याला उरते ती उच्च न्यायालयातली रिट याचिका किंवा जनहित याचिका. त्यासाठी पैसा, वकील आणि वेळ लागतो, आणि जेसीबी तोपर्यंत थांबत नाही.

उघडा दरवाजा मात्र आपण वापरतच नाही. त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू आणि स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. आणि प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २८ प्रमाणे त्यावर हरकत किंवा सूचना 'कोणतीही व्यक्ती' देऊ शकते. मालक असण्याची अट नाही.

वारशाची व्याख्याही आपल्याला वाटते तितकी परकी नाही. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत १९९५ साली वारसा जतनाचा नियम ६७ आला. त्यात पहिल्या श्रेणीची वास्तू सांगताना स्थापत्याबरोबरच थोर ऐतिहासिक घटना, व्यक्ती, चळवळ किंवा संस्था यांच्याशी असलेला संबंधही धरला आहे. चळवळ हा शब्द नियमातच आहे! नक्षीदार खांब नसले तरी चालतात. शिवाय वारसा समितीची शिफारस आयुक्तांना डावलायची असेल तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. लेखी कारण म्हणजे माहिती अधिकारात मागता येणारा कागद, आणि कागद म्हणजे न्यायालयातला पुरावा.

भुकूममधून एक मागणी आणि एक कबुली

कबुली आधी देतो. २०२१ साली पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा आला, तेव्हा हजारो हरकती गेल्या. आमच्या मुळशीतल्या लोकांनी रस्त्यांवर, आरक्षणांवर, जमिनींवर लिहिले. आमच्या वस्तीतून वास्तूच्या जतनासाठी एकही कागद गेला नाही. आम्ही जयंतीच्या मिरवणुकीत होतो, आराखड्याच्या नकाशासमोर नव्हतो. दादरला समाज उशिरा पोहोचला म्हणून हळहळणारे आम्ही, स्वतःच्या गावातही उशिराच पोहोचलो.

म्हणून आता आम्ही ठरवले आहे की पौड रस्त्यावरची आणखी एखादी जुनी खूण नाहीशी होण्याआधी वस्ती-वस्तीतली नोंद करायची. जुने विहार, पूर्वी वेगळा ठेवलेला पाणवठा, पहिली शाळा, जिथे सभा भरल्या तो पार. प्रत्येकाचा फोटो, सातबारा किंवा गावठाणाचा उतारा, जुन्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी तारखेसह आणि सहीसह. त्यावर ग्रामसभेचा ठराव आणि त्याची प्रत नियोजन प्राधिकरणाकडे, पोच घेऊन.

शासनाकडे मागणी एकच आहे. ऐतिहासिक वास्तू पाडण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय होण्याआधी जाहीर सूचना आणि खुली सुनावणी हवी, आणि त्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क मालकाइतकाच त्या वास्तूच्या इतिहासाशी नाते असलेल्या समाजालाही हवा. लंडनमध्ये आपले शासन जे मागू शकले, तेच आम्ही इथे मागतो आहोत.

पुढच्या ३ जानेवारीला त्या मुलीला पुन्हा घेऊन जाऊ. या वेळी तिच्या हातात वही असेल. आपल्या वस्तीतली सर्वात जुनी शाळा कुठे भरायची, हे तिनेच आजीला विचारून लिहून आणायचे आहे.

जय भीम! जय ज्योती, जय सावित्री!