हातचा एक

समुद्रपूरच्या शाळेतल्या मुलाला ९९९९९ मध्ये १ मिळवायला सांगा. मिळवायचा एकच, पण हातचा पाच घरे चालत जातो.

यंत्रांचीही हीच अडचण. पास्कलने १६४२ मध्ये रचायला घेतलेल्या यंत्रात हातचा एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाई. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजला तर चाळीस-पन्नास आकडी संख्या हव्या होत्या. एकेका घराची वाट पाहत बसणे कसे परवडणार? १८३० नंतरच्या दशकात त्याने ओळखले, की ज्या घरात ९ आहे ते आलेला हातचा पुढे देणारच. मग अशी घरे आधीच जोडून ठेवावीत, म्हणजे सगळे हातचे एकदम लागू होतील! १८७१ मध्ये बॅबेज वारला, तेव्हा यंत्र मात्र अपुरेच होते.

बर्लिनमध्ये १९४१ साली कोनराड त्सुझेने टेलिफोनच्या रिलेंवर झेड-३ चालवले. रिले आधी जुळत, मग वीज सगळ्या घरांतून एका दमात धावे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक सुरू झाला. त्याच्या संख्येला ४० घरे होती. रिलेंच्या जागी व्हॉल्व्ह आले, तरी हातचा होताच.

गणकयंत्राच्या वेगाचे एक गुपित या हातच्यात आहे: तो येण्याआधीच त्याची वाट मोकळी करून ठेवायची.