मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर



गाडीच्या मागच्या चाकाला असते ती जाळी आपण रोज पाहतो. आपण तिला साडीगार्ड म्हणतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये, नियम 123 नुसार, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून किमान अर्धे चाक झाकणे सक्तीचे आहे. शिवाय धरायला कडी आणि पाय टेकायला पायदान हवे. नियम आपल्या भल्याचाच आहे. पण साडी नेसलेली बाई मागेच बसणार, असे सगळ्यांनी किती सहज धरले होते, तेही त्या जाळीच्या नावातून दिसते.

त्याला कारणही होते. 1972 साली आलेली बजाजची चेतक आठवा. नंबर लागायला वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि आली की ती घरातल्या पुरुषाची. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या पायाशी ब्रेक, सुरू करायला किक. सुरू झाली नाही तर गाडी एका बाजूला कलंडवायची. साडी सावरत हे सगळे कोण करणार? म्हणून पुष्कळ जणी शिकल्याच नाहीत आणि "मला भीती वाटते" असे म्हणू लागल्या. खरे तर अडचण गाडीच्या घडणीत होती.

याच 1972 साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. तिच्यामागे होते हस्तीमल फिरोदिया, अहमदनगरच्या आपल्या जैन कुटुंबातले. त्यांचे वडील कुंदनमलजी मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. लूना 50 सीसीची, वजनाला हलकी आणि पेडल असलेली. ज्या मुलीला सायकल येत होती, तिला ती परकी वाटली नाही. पेट्रोल संपले तर पेडल मारत घरी येता येई. गावोगावच्या शिक्षिका आणि नर्सबाई लूनावरून कामाला जाऊ लागल्या.

मग 1984 साली कायनेटिक होंडा आली. तिला गिअर नाही आणि बटण दाबले की सुरू. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने बिनगिअरच्या दुचाकीसाठी परवान्याचा वेगळा प्रकारच ठेवला. 2001 मध्ये ॲक्टिव्हा आली, दोन्ही ब्रेक हातात, पुढे पाय ठेवायला मोकळी जागा. गाडी बदलत गेली तशी आपली भीतीही कमी होत गेली.

तरी आपल्या कारंज्यात आजही अशा सुना आणि सासवा आहेत, ज्या कोणी नेईल तरच बाहेर पडतात. मुनिसंघ गावात आला, सकाळी चौक्याला पोहोचायचे, तर आधी घरात विचारायचे, "कोण सोडेल?" दशलक्षणात काष्ठासंघाच्या किंवा सेनगणाच्या मंदिरात पूजा असते, तिथेही तेच. संध्याकाळी बाजारातून परतायला कोणी नसले की सूर्यास्ताआधीचे जेवण हुकते. आपला नियम आपला असतो, पण तो पाळणे दुसऱ्याच्या सवडीवर राहते. मला हे खटकते.

म्हणून ज्यांच्या घरी शिकवायला नवरा तयार आहे, त्यांनी हे त्यांना जरूर वाचून दाखवा.

आधी शिकाऊ परवाना काढा. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. गाडीला पुढे-मागे लाल रंगात एल लावा. सीट इतकी उंच नको की दोन्ही पाय जमिनीला टेकणार नाहीत. पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून गाडी नुसती हाताने ढकलू द्या, वजन कळू द्या. मग मोकळ्या मैदानात पायाने रेटत चालवणे, आणि आधी ब्रेक, नंतर ॲक्सिलरेटर. ओढणी मागे घट्ट बांधा, पदर खोचा, हेल्मेट पहिल्या दिवसापासून घाला.

आणि अहोंनी एवढेच करावे: ओरडू नये, चारचौघांत हसू नये, आणि "आज पुरे" असे तिने म्हटले की थांबावे. लूनाने बाईला "घाबरू नकोस" असे सांगितले नव्हते. घाबरायचे कारणच कमी केले होते. घरातल्या माणसालाही तेच करता येते.

आपल्याकडे मुनिमहाराज चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. आपण श्रावक वाहनात बसतो, पण रस्ता नीट पाहावा, कुत्र्या-मांजराला, चालणाऱ्याला इजा होऊ नये, एवढे तरी पाळता येते. सावकाश शिकलेली आणि सावकाश चालवणारी बाई ते चांगले पाळते, असा माझा अनुभव आहे.

2024 मध्ये लूना पुन्हा आली, या वेळी विजेवरची. ज्या कंपनीने ती आणली, तिच्या प्रमुख फिरोदियांच्याच घरातल्या सुलज्जा फिरोदिया मोटवानी आहेत. ज्यांचे शिकायचे राहून गेले, त्यांनी या चातुर्मासाआधी मैदानात एक फेरी तरी मारून पाहावी.