दिनविशेष : १३ एप्रिल १९४४ – नुनशिगमच्या माथ्यावर रणगाडे

घनदाट अरण्यातील उभ्या डोंगरावर रणगाडा चढणे अशक्य, हा जपानी सैन्याचा हिशेब ज्या दिवशी चुकला, तो हा दिवस होय. इम्फाळच्या मैदानावर नजर ठेवणारा सुमारे ३८०० फूट उंचीचा नुनशिगम डोंगर शत्रूच्या कबजात गेला असता, तिसऱ्या कॅराबिनियर्स पलटणीचे ‘ली’ रणगाडे, डोगरा रेजिमेंटच्या जवानांसह, अरुंद सोंडेवरून माथ्याकडे निघाले. चढ इतका बिकट, की आतील फटीतून वाट दिसेना. तेव्हा अधिकारी झाकण उघडून, डोके बाहेर काढून चालकास दिशा देत राहिले, आणि त्याच स्थितीत एकामागून एक गोळीस बळी पडले. रणगाड्यांचे व डोगरांचे सारे ब्रिटिश अधिकारी ठार वा जायबंदी झाल्यावर सार्जंट मेजर क्रॅडॉक व सुभेदार रणबीर सिंग यांनी सूत्रे हाती घेऊन माथा सर केला. या प्रसंगाचे खरे श्रेय, माझ्या मते, या दोघांचे.

तत्पूर्वी मार्चमध्ये सांगशाक येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनने, रणगाड्यांच्या पाठबळाविना, इतर पलटणींसह जपान्यांना अडवून इम्फाळच्या बंदोबस्तास अवधी मिळवून दिला होता. मराठा पलटणींना पिढ्यान्‌पिढ्या जवान पुरविणाऱ्या सातारा जिल्ह्यातच त्या काळी वाळवे, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीचे तालुके मोडत. आणि त्याच मुलखात त्या वेळी नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजी अमलास आव्हान देत होते.