डेन्मार्कचे आप्पे आणि माझा एक फसलेला सिद्धांत

गेल्या डिसेंबरात ऑनसाईटला कोपनहेगनला होतो. एका सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं, आणि त्याच्या ओट्यावर चक्क आमच्या आजीचं आप्पेपात्र! बिडाचं, जड, सात खळग्यांचं. त्यात तो एब्लस्किव्हर करत होता. नाताळच्या दिवसांतला डॅनिश लोकांचा हा पदार्थ जॅम आणि पिठीसाखरेबरोबर खातात. पिठात वेलदोडा, आणि उलटायला विणायची सुई!

मी लगेच छाती पुढे काढून सांगितलं, "हे आमचं आहे. तुम्ही तंजावरहून उचललंत." तो शांतपणे म्हणाला, "असेलही. पुरावा काय?"

मंडळी, पुरावा नव्हता. पण केस मजबूत वाटत होती. डेन्मार्कच्या ओवे गेडेने १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तरंगंबाडी मिळवली. तिथे समुद्रकाठी त्यांचा डान्सबोर्ग किल्ला आजही उभा आहे. पुढे १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तंजावरला राज्य करू लागले, म्हणजे डॅनिश लोकांचे शेजारी थेट आपले भोसले! तरंगंबाडीच्या मिशनमधून आलेला श्वार्ट्झ हा पाद्री तर सरफोजीराजांचा शिक्षक होता. डॅनिश लोक तिथे १८४५ पर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षं राहिले. मग साडेबारा लाख रुपयांना त्यांनी आपल्या इथल्या वसाहती ईस्ट इंडिया कंपनीला विकल्या. तीनच वर्षांनी, १८४८ मध्ये, कंपनीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं आणि १८५५ मध्ये तंजावरचं.

सव्वादोनशे वर्षांत एखादं पात्र जहाजात चढलं नसेल का? चढलं असेलही. पण "असेल" हा पुरावा नव्हे. आम्ही ऑफिसात बग शोधताना हीच चूक करतो. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की एकीमुळे दुसरी झाली, असं ठरवून मोकळे!

परत आल्यावर नीट विचार केला. पहिली अडचण नावातच आहे. एब्लस्किव्हर म्हणजे सफरचंदाच्या चकत्या. पूर्वी त्यात खरोखर सफरचंद घालत. म्हणजे त्या पदार्थाची सुरुवात फळापासून होते, आणि तंजावरला सफरचंद कुठलं? दुसरी अडचण, हॉलंडमध्ये पोफर्तियेस नावाचे छोटे आप्पे होतात, थायलंडमध्ये नारळाच्या दुधाचे खनोम क्रोक होतात, आणि जपानच्या ओसाकात १९३५ च्या सुमारास ऑक्टोपस घातलेले ताकोयाकी सुरू झाले. सगळ्यांनी तंजावरहून उचललं म्हणायचं का? पातळ पीठ, थोडं तूप, ओव्हन नाही आणि बाहेरून कुरकुरीत हवं, एवढी अट घातली की लोखंडात खळगे पाडणं कुणालाही सुचू शकतं.

आणि आपलं काय? 'अपूप' शब्द ऋग्वेदात आहे, संगमकाळच्या तमिळ काव्यात अप्पम आहे. पण शब्द जुना म्हणून खळग्यांचं पात्रही तितकंच जुनं, असं सिद्ध होत नाही. सांगलीपासून कर्नाटक जवळ, तिकडे यालाच पड्डू म्हणतात. मग आप्पे आपले की त्यांचे? भांडण मिटायचं नाही. सांबार म्हणे संभाजीराजांच्या नावावरून आलं, ही तंजावरची गोष्टही आपण अशीच आनंदाने सांगतो. ऐकायला गोड वाटतं, म्हणून तपासत कोणी नाही.

असो. गेल्या रविवारी साताऱ्याला आजीकडे प्रयोग केला. एक वाटी मैदा, एक वाटी ताक, एक अंडं, चमचाभर साखर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड. पीठ अर्धा तास ठेवलं. खळग्यात तूप, अर्ध्यापर्यंत पीठ, मधोमध महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या जॅमचा ठिपका, वर परत पीठ. जॅम लोखंडाला लागला की करपतो आणि आप्पा चिकटतो (पहिले सात असेच गेले!). आच मंद हवी. कड सुटली की सुईने आधी पाव वळण द्यायचं, आतलं कच्चं पीठ खाली उतरतं आणि चेंडू गोल होतो.

आजीला सगळा इतिहास सांगितला. ती म्हणाली, "कुणाचं का असेना, आधी उलटव. करपतंय बघ."

त्या सहकाऱ्याला मेल टाकलीय: "पुरावा सापडला नाही, माझे शब्द मागे घेतो. पण वेलदोडा तरी आमच्याकडचाच!"

यावर काय उत्तर येतंय ते बघू. त्याने पुन्हा पुरावा मागितला तर पंचाईत.